हसण्याचा शॉट

थंडीत खोबरेल थिजतं आणि थिजलेल्या खोबरेलाला एक निराळाच वास येतो. काहीसा दुधाळ, काहीसा बंद कपाटातला, बोटांच्या उबेत चोळल्याशिवाय न उलगडणारा. माझं कपाळ त्या वासाला गेली तीसेक वर्षं ओळखतं. मेणावर बसवलेलं कुंकू साबणाने निघत नाही, उलट भुवयांपर्यंत पसरून माणसाचं पार भूत करून सोडतं, म्हणून प्रत्येक रंगपटात आरशापाशी खोबरेलाची एक मळकी बाटली असतेच असते. मार्गशीर्षातल्या त्या संध्याकाळी, कात्रजच्या घाटापलीकडे माळावर उभारलेल्या प्लायवुडच्या महालात, मी सवयीने ते तेल तळहातावर घेऊन बसले होते आणि पुसायला कपाळावर काहीच नव्हतं. कुंकू आधीच, कॅमेऱ्यासमोर, माझ्याच हाताने पुसून झालं होतं. उतरत्या उन्हाचा पिवळा पट्टा खोट्या देवडीच्या खोट्या दगडांवरून वर सरकत होता, जनरेटरची घरघर थांबली होती, माणसं वायरी गुंडाळत होती, आणि मी खुर्चीतून उठत नव्हते.

मी कशाची वाट बघत होते? सांगते, हसू नका. किंवा हसा, सगळा मामला हसण्याचाच आहे. आमच्या धंद्यात एक रीत आहे. शॉटमध्ये माणूस मेला, की ‘कट’ झाल्यावरही कॅमेरा लगेच बंद करायचा नाही. जो मेला त्याने उठून बसायचं, कपडे झटकायचे आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. जिचं कुंकू पुसलं गेलं तिने ते पुन्हा लावून हसायचं. तो तुकडा चित्रपटात कुठेच लागत नाही, कोणी तो बघत नाही, कुठे जातो तेही ठाऊक नाही; पण कॅमेऱ्याने शेवटचं पाहिलं ते मरण नव्हतं, हसू होतं, एवढ्यासाठी तो घ्यायचा. आम्ही त्याला ‘हसण्याचा शॉट’ म्हणतो.

मी असलं काही मानत नाही. म्हणजे मानत नव्हते, असं म्हणू या. घरात देव आहेत, पण तेही माझ्यासारखेच, सांगितलेल्या जागी गुपचूप उभे राहणारे. तरीही तो शॉट मी एकदाही चुकवलेला नाही, कारण आमचा मेकअपमन शंकरदादा चुकवू द्यायचा नाही. सासवडकडचा माणूस, बोलणं मोजकं, पण मरणाचं दृश्य असलं की हा कॅमेऱ्याच्या पायाशी ठाण मांडून बसणार. “ताई, हसल्याबिगर उठायचं न्हाई,” म्हणायचा, आणि दिग्दर्शक कितीही मोठा असो, कितीही घाईत असो, मुकाट्याने थांबायचा. मग मी, गळ्यावर लाल रंगाचे ओघळ असलेली, केसात माती असलेली, फिदीफिदी हसायची. शंकरदादा मान डोलवायचा आणि मगच खोबरेलाची बाटली उघडायचा.

आणि मी मेले तरी किती प्रकारांनी! माझं नाक सरळ आणि उंची बेताहून जास्त, त्यामुळे झाडाभोवती फिरण्यासाठी मला कधीच कोणी घेतलं नाही. पण डोक्यावर पदर आला, की मी आपोआप कुणाची तरी वहिनीसाहेब, नाहीतर मासाहेब दिसू लागायची. सुरुवातीला राणीच्या मागे पंचारती धरून उभी असायची, तेव्हा नुसते हात दुखायचे. मग सरदाराची धाकटी बायको झाले, बुरुजावरून वाटेकडे डोळे लावणारी. मग वेष पालटून शत्रूच्या छावणीत शिरणारी हेर. मग पडद्याआडून कारभार हाकणारी विधवा राजमाता, जिच्या नुसत्या पापणीच्या हालचालीने दरबार गप्प होतो. विषाने मेले, बाळंतपणात मेले, घोड्यावरून उडी घालून मेले. चाळिशी उलटल्यावर ऐतिहासिक मालिका जरा ओसरल्या आणि मारामारीचे चित्रपट आले, तेव्हा मला वाटलं संपलं आपलं. कसलं संपतंय! त्याच नाकाला लोक आता ‘करारी’ म्हणायला लागले. इन्स्पेक्टर झाले, टोळीची म्होरकी झाले, कमरेला तारा बांधून गोदामाच्या पत्र्यावरून उडी टाकली, दोन्ही हातांत पिस्तुलं धरून एका बेकरीची पार चाळण केली. राणी मरते तेव्हा मागे सनई लागते, इन्स्पेक्टर मरते तेव्हा मागे गाडी पेटते, एवढाच काय तो फरक. डोळे मिटून श्वास धरायचा तो तसाच. लोक रस्त्यात अडवून वाघीण म्हणतात. प्रत्यक्षात पाल दिसली तर मी पाटावर नाही, थेट ओट्यावर चढते.

ते गुपित फक्त माधवला ठाऊक. माधव माझा नवरा. आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांमध्ये आमची गाठ पडली तेव्हा तो भौतिकशास्त्र शिकत होता आणि हौसेने प्रकाशयोजना करायचा. त्याने पहिल्यांदा माझ्यावर जो दिवा टाकला तो चुकून टाकला होता, असं तो अजून शपथेवर सांगतो. बरोबरीचे असल्यामुळे आमचं अरेतुरेच. सासूबाईंना ते खुपायचं. “चारचौघांत तरी अहो म्हण गं,” म्हणायच्या. तेव्हापासून चारचौघांत अहो आणि घरात अरे, हा शिरस्ता त्या गेल्यावरही चालू राहिला. घरात आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही, आणि त्याबद्दल रडायचं तेवढं रडून केव्हाच झालं. माधव कॉलेजात शिकवायचा, आता निवृत्त आहे. कधी मोठ्याने हसत नाही, जे काय हसायचं ते मिशीत. मी शूटिंगहून आले की पायातली चप्पल काढायच्या आत त्याचा प्रश्न ठरलेला: “आज कोण गेलं?” मी सांगायची, आज धाकटे राजे गेले, आज मीच गेले, आज टोळीतले सगळेच गेले. “वा,” म्हणायचा, “म्हणजे चहा दोघांचाच टाकू.”

तर या माधवच्या हृदयाची एक झडप निकामी झाली. गेल्या पावसाळ्यापासून तो जिन्यात थांबायला लागला होता. शनिवार पेठेतली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही; पहिल्या मजल्यावर थांबून तो भिंतीवरच्या पाट्या वाचण्याचं नाटक करायचा. मी अभिनेत्री, मला ते नाटक कळायला हवं होतं, पण कळलं नाही. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, झडप बदलायची, छाती उघडून. घरी येताना रिक्षात मी रडायच्या बेतात, आणि हा म्हणतो कसा, “तुमच्याकडे तलवार आरपार जाते तरी माणूस दोन पानं संवाद म्हणतो. माझी तर एकच झडप.” रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

शस्त्रक्रिया सोमवारी ठरली. आणि माझ्या चित्रपटातलं ते दृश्य आधीच्या शनिवारी लागलं. या चित्रपटाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी ओढाताण कळायची नाही. माझ्या वयाला बाईला आशीर्वाद देण्यापलीकडे काम मिळत नाही. इथे मात्र राणी होती, चांगली पन्नाशीची. पती रणात पडल्याची बातमी येते, ती स्वतःच्या हाताने कुंकू पुसते आणि त्याच हाताने तलवार उचलून फौजेपुढे उभी राहते. राजमाता आणि म्होरकी, माझे दोन्ही जन्म एकाच बाईत आले होते. मी तालमीत घोड्यावर बसले, मांड्या सोलवटून घेतल्या, तलवारीने खांदा धरला, आणि कुठेही हू की चू केलं नाही. दिग्दर्शिका ऋचा माझ्या भाचीच्या वयाची, हुशार, कानात सतत काहीतरी घातलेली. मी तिला फोन करून विचारलं, शनिवारचं जरा पुढे ढकलता येईल का. “ताई, आय नो, सरांची सर्जरी आहे. पण सेट मंगळवारी निघतोय, जागेचा मालक ऐकत नाहीये. तुम्ही म्हणाल तर बॉडी डबल घेऊन मॅनेज करते, क्लोजअप नंतर करू.” म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग कुणा दुसरीच्या पाठीवर. मी म्हटलं, नको, येते मी. आणि फोन ठेवल्यावर पोटात जो गोळा आला तो तिथून पुढे हललाच नाही.

त्या शनिवारी शंकरदादा नव्हता. त्याच्या पुतणीचं लग्न होतं. नवीन मुलीने माझं कुंकू बसवलं, छान बसवलं, हात हलका होता तिचा. महाराजांचं काम करणारा नटही सेटवर नव्हता, कारण त्याचं मरण फक्त बातमीतून यायचं होतं. दूत तबकात त्याचं पागोटं घेऊन येणार, एवढंच. वारा पडला होता, माळावरच्या वाळलेल्या गवताचा वास होता, दूर कुठे तरी ट्रक घाट चढताना कण्हत होते. इतकी वर्षं मला खऱ्या दुःखाची गरज कधी पडली नाही; रडणं हा माझ्यासाठी मानेच्या आणि श्वासाच्या कसरतीचा भाग आहे, ग्लिसरीनचीही मी मिंधी नाही. पण दूत गुडघ्यावर बसला, त्याने तबकावरचा शेला बाजूला केला, आणि मला पागोट्याच्या जागी माधवचा चष्मा दिसला. मी बोलावला नव्हता. आपणहून आला. मग माझा हात कपाळाकडे कसा गेला, काय पुसलं, तलवार केव्हा उचलली, मला काही आठवत नाही. आठवतात त्या ‘कट’नंतरच्या टाळ्या. ऋचा धावत आली, तिचे डोळे ओले. “ताई, वन टेक! काय दिलंय तुम्ही! पॅकअप, पॅकअप, लाइट गेला.”

मी बसून राहिले ती अशी. नव्या मुलीला म्हटलं, कुंकू दे गं परत. तिने निमूट लावून दिलं. मग ऋचाला हाक मारली आणि पदर सावरत, शक्य तेवढं सहज दाखवत म्हटलं, “एक शॉट राहिलाय. हसण्याचा.”

“कसला?” ती म्हणाली.

मी समजावलं. माझ्याच कानांना ते किती पोरकट वाटत होतं! तिने माझा हात हातात घेतला. “ओह, सो स्वीट! पण ताई, कॅमेरा पेटीत गेला. रेंटलवाले थांबलेत. आपण नंतर कधीतरी घेऊ ना, प्रॉमिस.” तिचं काय चुकलं? तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणारा सासवडला अक्षता टाकत होता. कॅमेऱ्याची काळी पेटी माझ्या देखत टेम्पोत चढली. शेवटचं जे काही तिने पाहिलं होतं ते पोटात घेऊन ती निघून गेली.

घाट उतरताना मी माधवला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. जुन्या बोगद्याच्या काळोखात रेंज गेली, बाहेर आल्यावर परत लावला. खाली शहर दिव्यांनी भरत चाललं होतं, कात्रजच्या तळ्यावर धुरकट निळं काहीतरी साचलं होतं, चौकात गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, शनिवार आहे, असं होणारच.” त्याचं ते साधं वाक्यही मला नको झालं. मी स्वतःला दटावत होते. अगं बाई, तू शिकलेली, नवरा भौतिकशास्त्राचा, प्लायवुडच्या महालात मेणावरचं कुंकू पुसलं म्हणून शनिवार पेठेत कुणाच्या झडपेला काय होणार? सगळं पटत होतं. तरी अंगठा पुन्हा पुन्हा त्याच नावावर जात होता. बुद्धीला पटलेलं पोटापर्यंत का पोचत नाही, देव जाणे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बुचाचं झाड आहे. गाडीतून उतरले तेव्हा त्याची पांढरी, लांब देठांची फुलं रस्ताभर पडली होती आणि तो गोड, थंड वास नाकाशी आला. एरवी मी दोनचार फुलं वेचून घेते, त्या दिवशी तुडवत गेले. जिने धावत चढले. दार उघडंच होतं. माधव खुर्चीत बसून मटार सोलत होता.

“फोन का नाही उचलत?” मी जवळजवळ ओरडलेच.

“आतल्या खोलीत चार्जिंगला आहे. तो चार्ज होत होता, मी मटार सोलत होतो. दोघंही कामात होतो.” आणि मग, चप्पल माझ्या पायात असतानाच, ठरलेला प्रश्न: “आज कोण गेलं?”

महाराज गेले, एवढंच म्हणायचं होतं, दोन शब्द. “कोणी नाही,” मी म्हटलं.

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “यमाला सुट्टी होती वाटतं,” म्हणाला आणि पुन्हा मटारांकडे वळला.

रविवार कसा गेला ते सांगण्यासारखं नाही, कारण तो गेलाच नाही, नुसता साचून राहिला. मी सकाळी अंघोळ करून कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावलं. “हे काय, सिग्नल?” माधव म्हणाला. मी पुन्हा लावलेलं कुंकू दिवसभर आरशात तपासत राहिले. दुपारी तो आडवा झाल्यावर स्वयंपाकघरात गेले, फोन चहाच्या डब्याला टेकवून उभा केला, कॅमेरा लावला आणि हसून बघितलं. मग तो तुकडा लावून पाहिला. एक बाई ओट्यापाशी उभी राहून दात दाखवत होती, मागे कुकर. इतकं खोटं काम मी पंचारती धरायच्या दिवसांतही केलं नव्हतं. पुसून टाकला. परत घेतला, परत पुसला. पुसण्याचाच काय तो सराव झाला. संध्याकाळी शंकरदादाला फोन करावा असं दहादा मनात आलं, पण लग्नघरात काय सांगायचं? आणि सांगितलं की ते खरं होईल, अशी एक वेडी भीती. माधवने मात्र रुग्णालयाची पिशवी स्वतः भरली, वर एक शब्दकोडं ठेवलं आणि लवकर झोपला. त्याचा श्वास चालू आहे ना ते मी बघत होते, हे त्याला कळत होतं, कारण मधूनच तो मुद्दाम घोरून दाखवायचा.

सोमवारी सकाळी वॉर्डच्या खिडकीतून कोवळं ऊन तिरकं येऊन त्याच्या हिरव्या गाऊनवर पडलं होतं. फिनेलचा वास, कुठून तरी येणारा उपम्याचा वास, ट्रॉल्यांची खडखड. माधवला भलत्याच नाटकातल्या पात्रासारखं नटवलं होतं. डोक्याला टोपी, पायांत मोजे. एवढ्यात तिथल्या आयाबाई आत आल्या, येरवड्याहून रोज दोन बस बदलून येतात म्हणे, आणि मला बघून दारातच थबकल्या.

“अगंबया! तुमी त्या मासाहेब न्हाई का? आणि बंदुकीवाल्या बी तुमीच! माझी सून लई बघती तुमाला. मारता काय एकेकाला!” त्यांनी माझा हात धरला. “काय भिऊ नका बघा. तुमी तर वाघीण.” मग जरा ओशाळून, “एक फोटू काढू का? माझ्या फोनचा कॅमेरा फुटलाय. तुमच्यात काढा नि मला धाडा.”

नाही कसं म्हणायचं? त्यांनीच माझा फोन घेऊन, काहीतरी दाबून, पडदा आमच्याकडे वळवला. आम्हा दोघींचे चेहरे त्यात आले. “हसा की, मासाहेब,” त्या म्हणाल्या. मी ओठ ताणले. त्यांचा चेहरा खुलला, माझा तसाच राहिला. फोटो काढून त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

मग सिस्टर आल्या, हातात स्टीलचा ट्रे. “काकांच्या वस्तू काढून ठेवा. चष्मा, घड्याळ, अंगठी.” माधवने एकेक काढून ट्रेमध्ये ठेवलं. सगळ्यात शेवटी चष्मा. सिस्टरनी तो ट्रे माझ्यापुढे धरला, अगदी त्या दूताने तबक धरलं होतं तसा. मी पलंगाचा कठडा धरला. ते सगळं मी ओंजळीत घेतलं, आणि चष्म्याच्या काचा अजून त्याच्या चेहऱ्याच्या उबेने धुरकटलेल्या होत्या.

“तो फोन दे इकडे,” माधव म्हणाला.

“कशाला?”

“दे तर.” त्याने तो दोन्ही हातांनी धरला, हात लांब करून, डोळे बारीक करून, चष्म्याशिवाय त्याला समोरची भिंत आणि मी यांत फारसा फरक दिसत नाही. “हं. हस आता.”

मी बघतच राहिले.

“बघतेस काय? काल शंकरचा फोन आला होता. लग्नघरातून वेळ काढून विचारत होता बिचारा, ताईंना हसवलं का म्हणून. मी म्हटलं, विचारून सांगतो. तशी गरज नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू सांगितलं नाहीस, कोण गेलं ते.” तो थांबला, त्याला दम लागला होता. “माझा यावर काडीचाही विश्वास नाही. पण तुझा आहे, आणि बाहेर बसून रहायचंय तुला. तेव्हा आटप. मला आत बोलावतायत. अ‍ॅक्शन.”

आणि मला हसता येईना! जिने जळत्या गाडीशेजारून उठून हसून दाखवलं, विषाचा फेस पुसून हसून दाखवलं, तिला नवऱ्यापुढे हसता येईना. ओठ उचलले की हनुवटी थरथरायची. डोळ्यांतून पाणी आणि नाकातूनही. हातात त्याचा चष्मा, अंगठी, घड्याळ, पुसायला हात रिकामा नाही. घशातून जे निघालं ते हुंदका आणि उचकी यांच्यामधलं काहीतरी होतं, लाज आणणारं. “वा वा,” माधव म्हणाला, “असं हसलीस तर तुला पंचारतीवरही कोणी ठेवायचं नाही.” आणि त्यावर मी खरंच हसले असेन किंवा अजूनच रडले असेन, मला माहीत नाही. मला त्याचा चेहरा फोनच्या मागे नीट दिसत नव्हता. “आलं,” तो म्हणाला. “कट.” आणि फोन माझ्या ओंजळीत चष्म्यावर ठेवून दिला.

ट्रॉली निघाली. मी कठडा धरून बरोबर चालत होते, दारापर्यंत. दार उघडलं, आतला पांढरा गार उजेड बाहेर आला, आणि माझा हात सुटला. “अरे माधव!” मी ओरडले. सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. आतून त्याचा आवाज आला, बारीक, दमलेला, पण अगदी स्वच्छ: “चारचौघांत अहो म्हण.”

मग नुसती वाट बघणं. दारावरचा लाल दिवा, प्लास्टिकच्या खुर्च्या, शेजारी कुणाची तरी मुलगी कुजबुजत फोनवर बोलणारी. ऊन खिडकीच्या एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. आयाबाईंनी मघा चहा आणून दिला होता, त्यावर साय धरली. मला लोक वाघीण म्हणतात याची मला त्या खुर्चीत बसून इतकी शरम वाटली! बुरुजावर वाट बघणारी सरदाराची बायको मी किती डौलात उभी केली होती. मान अशी, हात कठड्यावर असा. खरी वाट बघणारी बाई पोक काढून बसते, तिच्या पायाला मुंग्या येतात आणि तिला सारखी लघवीला जायची भीती वाटते, कारण तेवढ्यात हाक आली तर?

कधीतरी, काही तरी करायचं म्हणून, मी तो तुकडा लावला. माझं ते ध्यान बघायची तयारी ठेवून. पडद्यावर आधी छताचा पंखा आला, मग टोपीची हिरवी कड, मग माधव. मी नव्हतेच. आयाबाईंनी फोटोसाठी कॅमेरा आपल्याकडे वळवला होता तो तसाच राहिला होता, आणि चष्मा नसल्यामुळे या शहाण्याला ते दिसलंच नाही. त्याने मन लावून, हात लांब करून, स्वतःलाच टिपलं होतं. खालून घेतल्यामुळे नाक मोठं, मिशी विस्कटलेली, डोळे उघडेबोडके. मागून माझे ते भयंकर आवाज. “वा वा,” तो म्हणतो, “असं हसलीस तर…” आणि मग तो हसायला लागतो. मिशीत नाही. तोंड उघडून, मान मागे टाकून, पडलेल्या दाढेची खिंड दिसेपर्यंत. फोन हलतो, पंखा हलतो, आणि तो हसतच राहतो. इतक्या वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर तो ते फोनमागे लपवून हसला होता.

मी परत लावला. परत लावला. आणि केव्हातरी आमची ती रीत आठवली, मी आधी सांगितली तीच: जो मेला त्याने हसायचं. दोन दिवस मी माझ्या कुंकवाची, माझ्या हसण्याची काळजी वाहत बसले होते. महाराजांना त्या दिवशी कोणी हसवलंच नव्हतं. ते सेटवर आलेच नव्हते. मी हे मानते का? अजूनही सांगता येणार नाही. एवढं खरं, की पोटातला गोळा थोडा हलला, आणि त्याच क्षणी, तो हलला म्हणून, मी नव्याने घाबरले.

दारावरचा दिवा विझला. दार अर्धं उघडलं, तोंडावरचा मास्क खाली ओढत कोणीतरी बाहेर आलं आणि इकडेतिकडे बघत म्हणालं, “माधव सबनीस यांच्याबरोबर कोण आहे?” त्या चेहऱ्यावरून काही कळेना; मी जन्मभर चेहरे वाचले, तो एक वाचता आला नाही. मी उठले. मांडीवरचं घड्याळ खाली पडलं, चष्मा मुठीत घट्ट धरला होता. फोन बंद करायचा राहून गेला होता. मी त्या दाराकडे चालत होते आणि माझ्या हातात तो हसत होता.